जनुके बदललेले उंदीर आणि मेंदूतील संप्रेरके : या प्रयोगांवर किती भरवसा ठेवावा?

मीमांसक

जनुके बदललेल्या उंदरांवरून माणसाच्या मेंदूतील संप्रेरकांविषयी विश्वासार्ह असे काहीच कळत नाही, हे मत अलीकडे वारंवार वाचनात येते. मला ते मान्य नाही. भूक आवरणाऱ्या लेप्टिन या एकाच संप्रेरकाच्या आधारे माझे म्हणणे मांडतो.

अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली काही उंदीर अतोनात लठ्ठ झालेले आढळले. पुढे तिथेच लठ्ठ उंदरांचा आणखी एक वाण सापडला. डग्लस कोलमन यांनी या दोन वाणांच्या उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांशी जोडले, तेव्हा पहिल्या वाणाच्या उंदराने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. दुसरा मात्र होता तसाच लठ्ठ राहिला. पहिल्याच्या शरीरात भूक आवरणारा घटक तयार होत नाही, आणि दुसऱ्याच्या शरीरात तो भरपूर असूनही त्याचा परिणाम होत नाही, असा निष्कर्ष कोलमन यांनी काढला. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने हा घटक, म्हणजेच लेप्टिन, बनवणारे जनुक शोधले आणि पुढच्याच वर्षी लेप्टिनचा ग्राही, म्हणजे पेशीवरील ज्या घटकाला चिकटून ते परिणाम घडवते तो, सापडला.

परंतु हा ग्राही शरीरात अनेक ठिकाणी असतो. लठ्ठपणा नेमका कुठल्या ग्राहीच्या अभावामुळे येतो, हे ठरवण्यासाठी केवळ चेतापेशींतून तो काढून टाकलेला उंदीर घडवावा लागला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे उंदीर लठ्ठ झाले, तर केवळ यकृतातून ग्राही काढलेल्या उंदरांचे वजन वाढले नाही. हा निवाडा माणसाच्या रक्ततपासणीतून किंवा मेंदूच्या स्कॅनमधून कसा मिळाला असता, हे विरोधकांनी सांगावे.

रानवाट

आपण सांगितलेल्या कथेचा अर्धा भाग आपल्याच विरोधात जातो. बार हार्बरचे उंदीर कोणी घडवलेले नव्हते. त्यांच्यातील उत्परिवर्तने आपोआप झालेली होती. कोलमन यांचा विचार रक्ताभिसरण जोडण्याच्या प्रयोगातून आला, जनुके बदलण्याच्या तंत्रातून नव्हे. त्या तंत्राचा पहिला नॉकआउट (एखादे जनुक निकामी केलेला) उंदीर १९८९ साली जन्मला आणि २००७ साली मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना त्यासाठी नोबेल मिळाले, हे सगळे मान्य आहे. पण लेप्टिनचे मूळ श्रेय त्या तंत्राला देता येणार नाही.

दुसरे असे, की उंदरांमधील यशाने माणसांबाबत केवढा भ्रम निर्माण केला ते पाहा. अॅमजेन कंपनीने १९९५ साली २ कोटी डॉलर देऊन लेप्टिनचे हक्क घेतले, आणि १९९९ साली लठ्ठ माणसांवरील चाचणीचे निष्कर्ष आले तेव्हा वजनातील घट माफक आणि माणसागणिक फार वेगवेगळी निघाली. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट जास्तच असते. ज्याच्याकडे ते भरपूर आहे त्याला तेच टोचून काय साधणार होते?

मीमांसक

मूळ वाण नैसर्गिक उत्परिवर्तनाचे होते, हे खरेच आहे. म्हणूनच मी २००१च्या प्रयोगावर भर दिला. राहिला भ्रमाचा मुद्दा. १९९७ साली ब्रिटनमधील पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबात लेप्टिनचे जनुक बिघडलेली दोन चुलत भावंडे सापडली. त्यातील आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते. तिला लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर तिची भूक आणि वजन दोन्ही उतरले. उंदराने जे सांगितले होते ते त्या मुलीच्या बाबतीत खरे ठरले. सर्वसाधारण लठ्ठपणाही तसाच असेल, असे उंदराने कधीच सांगितले नव्हते. ते बाजाराने परस्पर गृहीत धरले.

चेतातंतू

मी या प्रयोगांच्या बाजूचा आहे, पण मीमांसक यांच्याइतका निश्चिंत नाही. खरी अडचण उंदीर आणि माणूस यांच्यातील अंतराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, तंत्रात आहे. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातील, भूक चेतवणाऱ्या एजीआरपी चेतापेशींचेच घ्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या सिअॅटलच्या प्रयोगात या पेशींमध्ये घटसर्पाच्या विषाचा ग्राही बसवलेले उंदीर घडवले गेले, म्हणजे विष टोचले की फक्त त्याच पेशी मरतात. प्रौढ उंदरांत त्या मारल्या तेव्हा उंदीर खाणे सोडून उपाशी मरू लागले. नवजात पिल्लांत मारल्या तेव्हा मात्र खाण्यावर फारसा परिणाम झाला नाही, कारण वाढत्या मेंदूने पर्यायी व्यवस्था उभी केली. हाच धडा २०१८ साली वेगळ्या प्रकारे मिळाला. एजीआरपी पेशींतील लेप्टिनचा ग्राही विकासाच्या काळापासून काढलेल्या उंदरांत लठ्ठपणा सौम्य दिसत असे. तोच क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने प्रौढ वयात काढला तर तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह दिसला. म्हणजे जन्मापासून ग्राही नसलेला उंदीर पाहून ‘या पेशींचे महत्त्व किरकोळ आहे’ असा निष्कर्ष काढला असता, तर तो सपशेल चुकला असता.

यावर उपाय म्हणून टॅमॉक्सिफेन देऊन हव्या त्या वयात जनुक काढण्याची पद्धत आली. पण टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध असून ते थेट इस्ट्रोजेनच्या ग्राहीला चिकटते. ज्या प्रयोगाचा विषयच हायपोथॅलॅमसमधील संप्रेरके आहे, त्यात संप्रेरकाच्या ग्राहीशी खेळणारे औषध वापरायचे, हा प्रकार मला नेहमी थोडा गमतीचा वाटतो. शिवाय चेतापेशींतील जनुके काढण्यासाठी सर्रास वापरला जाणारा नेस्टिन-क्री (क्री म्हणजे ठरावीक जनुक कापून काढणारे विकर) हा वाण मुळातच लहान चणीचा असतो आणि त्याच्यात वाढीचे संप्रेरक कमी असते. त्यामुळे फक्त क्री असलेले, पण लक्ष्य-जनुक शाबूत असलेले उंदीर तुलनेसाठी ठेवले नसतील, तर वजनाच्या आलेखावर मी विश्वास ठेवत नाही.

सावली

यात प्राण्यांची बाजू कोणी मांडलीच नाही. नेहमीच्या क्री–लॉक्स संकरात (लॉक्स म्हणजे क्री जिथे कापते त्या जनुकावरील खुणा) हव्या त्या जनुकरचनेची पिल्ले सरासरी चारातून एक मिळतात. उरलेल्यांपैकी काही तुलनेसाठी वापरली जातात, बाकीची मारली जातात. भारतात १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांना समितीची परवानगी लागते. पण चेतातंतू म्हणतात तशी सदोष रचना असलेल्या प्रयोगात या पिल्लांचे मरण कशाच्या मोबदल्यात होते?

रानवाट

सावली यांचा प्रश्न टाळता येणार नाही. मी त्यात आणखी एका उदाहरणाची भर घालतो. आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाचा ग्राही संपूर्ण शरीरातून काढलेले उंदीर १९९६ साली तयार झाले. त्यांच्या रक्तातील साखरेचे नियंत्रण थोडे बिघडले, पण त्यांचे खाणे आणि वजन जवळजवळ सामान्य राहिले. त्या उंदराचे ऐकले असते तर वजन कमी करण्यासाठी या ग्राहीच्या वाटेला कोणी गेलेच नसते. आज वजन घटवणारे सेमाग्लुटाइड हे औषध याच ग्राहीवर काम करते.

आपल्याकडील प्रश्न तर आणखी वेगळा आहे. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्यातील अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो, तरीही पुण्याच्या बालकांमध्ये त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. आईच्या पोषणाशी जोडलेला हा प्रश्न एखादे जनुक काढून सुटणारा नाही. तो पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांची वर्षानुवर्षे मोजमापे घेतल्यामुळेच पुढे आला.

चेतातंतू

जीएलपी-१चे उदाहरण अगदी योग्य आहे, पण ते तिथे संपत नाही. पुढे २०१४ साली चेतापेशींतून तो ग्राही काढलेल्या उंदरांना याच ग्राहीवर काम करणारे लिराग्लुटाइड हे औषध दिले, तेव्हा त्यांचे वजन घटले नाही. औषध मेंदूमार्फत वजन घटवते, याचा हा सर्वांत थेट पुरावा आहे. संप्रेरक नसताना शरीर कसे सांभाळून घेते, हा एक प्रश्न. औषध कुठल्या पेशींवर चालते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी घडवलेल्या उंदराकडून दुसऱ्याचे उत्तर मागितले की फसगत होते.

सावली यांना माझे उत्तर असे, की समितीने परवानगी देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : जनुक कोणत्या वयात काढणार, फक्त क्री असलेले उंदीर तुलनेला ठेवणार की नाही, आणि नर-मादी दोन्ही घेणार की नाही. पिंजऱ्यांच्या तापमानाचीही नोंद हवी, कारण बहुतेक प्रयोगशाळा उंदरांना २० ते २२ अंशांत ठेवतात, तर उंदराला ऊब टिकवण्यासाठी जादा ऊर्जा लागू नये असे तापमान ३० अंशांच्या आसपास असते; भुकेचा अभ्यास करताना हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

सावली

या अटी मला मान्य आहेत. त्या पूर्ण न करणाऱ्या प्रस्तावाला परवानगी नाकारली जावी, हेही त्यांच्यासोबत लिहून ठेवा.