‘फेलओव्हर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मुंबईचं सर्व्हर केंद्र बंद पडलं की हैदराबादचं केंद्र काम हाती घेतं. ग्राहकांच्या माहितीपत्रकात याला काय लिहू? मसुद्यात ‘अपयश-हस्तांतरण’ आलंय, वाचवत नाही.

प्रतिसाद : ताई, ‘खांदेपालट’ घ्या. वर्तमानपत्रांनी तो अधिकाऱ्यांच्या बदल्यांना जोडून टाकला, पण शब्दातलं चित्र पालखीच्या भोयांचं आहे. खांदा बदलतो, पालखी जमिनीला टेकत नाही.

प्रतिसाद : दादा, चित्र सुरेख आहे, पण ते ठरवून केलेल्या बदलाचं. २ मार्च २०२४ च्या शनिवारी एनएसईने, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराने, खास सत्र घेतलं : सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून, साडेअकरा ते साडेबारा डीआर (डिझास्टर रिकव्हरी) साइटवरून, म्हणजे आपत्तीसाठी राखलेल्या पर्यायी केंद्रावरून. ही खांदेपालट, म्हणजे स्विचओव्हर. फेलओव्हरमध्ये भोई ठेचकाळून पडलेला असतो. तिथे ‘भार झेलणे’ म्हणावं. मग किती वेळात झेलला आणि झेलताना किती सांडलं, हे दोन्ही प्रश्न ओघानेच येतात. बाजार नियामक सेबीने एक्स्चेंजना दोन्हींची मर्यादा घालून दिली आहे : आपत्ती जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत काम सुरू, आणि डेटा गमावला तर फार तर १५ मिनिटांचा. नवीन मुलांना आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह) आणि आरपीओ (रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह) मी ‘झेलायचा वेळ’ आणि ‘सांडायची मुभा’ असेच शिकवते. त्यांना ते लगेच कळतं.

आणि डिझास्टर रिकव्हरीला ‘आपत्ती निवारण’ कृपया नको. निवारण म्हणजे टाळणं, दूर करणं. इथे आपत्ती येऊन गेलेली असते, आपण सावरत असतो.

प्रतिसाद : ‘झेलणे’ पटलं. फक्त कर्ता तपासा. यंत्रणा आपोआप वळत असेल तर ‘हैदराबाद भार झेलतं’ बरोबर. माणसाने ठरवायचं असेल तर ‘भार सोपवणे’ हवं, नाहीतर निर्णय घेणारा वाक्यातून गायब होतो. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचे व्यवहार ११.४० ला थांबले आणि ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. चेन्नईची डीआर साइट होती, पण काम तिकडे वळवलंच नाही. झेलणारा उभा होता, सोपवलं गेलं नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने आपत्ती जाहीर करायलाही ३० मिनिटांची मुदत घातली.

प्रश्नकर्ती : आमच्याकडे रात्रपाळीचा अभियंता ठरवतो. म्हणजे ‘मुंबई केंद्र बंद पडल्यास भार हैदराबादकडे सोपवला जाईल’. आणि मुंबई सावरल्यावर काम परत आणणं? ते घाई न करता, ठरवून होतं.

प्रतिसाद : मग तिथे खांदेपालटच.