'थ्रॉटलिंग'ला आपल्याकडे काय म्हणायचं?

मी देवगडचा. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब ठेवायला घरी रास्पबेरी पाय 4 हा छोटा कॉम्प्युटर आहे, पावसाळा संपला आणि तो एकदम स्लो झाला, साधं बिल उघडायला पण वाट बघायला लागते. काय काय तपासायचं ते भाच्यासाठी मराठीत लिहून ठेवतोय आणि 'थ्रॉटलिंग'पाशी (प्रोसेसरचा वेग खाली आणला जाणं) अडलोय. मूळ अर्थ गळा आवळणं, तो इथे लागत नाही. 'मंदावणे' लिहिलं तर कुणी मंदावलं ते कळत नाही. कुणाकडे शब्द आहे का?

—

दादा, एका शब्दात दोन वेगळे आजार कोंबू नका. गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरने किती वेगाने चालायचं ते ठरवणारी सेटिंग, 'पॉवरसेव्ह'वर असेल तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःच सगळ्यात खालचा वेग धरतो, तुमच्या मशीनवर 600 मेगाहर्ट्झ. त्याला 'हात आखडता घेणे' हा आपला चांगला रुळलेला वाक्प्रचार आहे की. आणि गव्हर्नर शब्दाचं मूळ ग्रीकमध्ये सुकाणू धरणारा, म्हणजे आपला तांडेलच! तांडेलाने ठरवलं हळू जायचं, हे झालं एक. दुसरं म्हणजे तांडेल फुल रेस द्यायला सांगतोय आणि इंजिन उचलत नाही. आमच्या मालवणात सरळ म्हणतात, "इंजिन उचलणा नाय". आधी तुमचं यातलं कुठलं ते बघा, शब्द आपोआप मिळेल.

—

बघितलं काका. गव्हर्नर 'ऑनडिमांड'वरच (काम पडेल तसा वेग) आहे, कर्नल 1500 दाखवतो, पण फर्मवेअरला, म्हणजे कर्नलच्याही खाली हार्डवेअर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, खरा वेग विचारला तर 600! म्हणजे कर्नलला पत्ताच नाही, आणि मी चार दिवस त्याच्याच सेटिंग बदलत बसलो होतो. कर्नलच्या लॉगमध्ये अंडरव्होल्टेजच्या (व्होल्टेज कमी पडल्याच्या) ओळी पण होत्या, 5 व्होल्टचा सप्लाय 4.63 च्या खाली गेला की ती ओळ येते. केबलचं टोक खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं, नवीन केबल लावली आणि लगेच 1500. तर 'उचलत नाही' हेच लिहितो.

—

थोडं थांबा, व्होल्टेज पडलं तरी वेग खाली आणतं ते फर्मवेअरच, मशीन बंद पडू नये म्हणून. त्यामुळे 'उचलत नाही' हे बाहेरून दिसणारं लक्षण झालं, आतली क्रिया नाही. आणि चिप 80 अंशाच्या पुढे तापली की पण वेग उतरतो, त्याला मी 'दम खाणे' म्हणेन, चढणीवर माणूस खातो तसा, गार झालं की परत चालायला लागतो.

—

ताई, 'दम खाणे' तापण्यापुरतं एकदम पटलं, घेतलं. व्होल्टेजसाठी मात्र 'उचलत नाही'च ठेवतो, कारण भाच्याला आधी लक्षणच दिसणार आहे, आणि ते वाचून त्याचा हात सेटिंगकडे न जाता केबलकडे जायला हवा.