अनुभव धागा: परदेशातून परतलेल्या आपल्या माणसासाठी तुम्ही काय केलंत?

सुरुवात मीच करते. १९९०मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर बाबा अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने मुंबईत उतरले. तेव्हा १,७०,००० हून जास्त माणसं अशी परत आणली होती. पण घरी पोचल्यावर पुढचं ज्याचं त्यालाच बघावं लागलं. आमच्या लालबागच्या चाळीत बाबा वर्षभर गॅलरीत बसून असायचे. येणाराजाणारा विचारायचा, "परत कधी जाताय?" पुढच्या गणपतीत शेजारच्या काकांनी मांडवाची वायरिंग त्यांच्यावर सोपवली. त्या रात्री बाबा टेस्टर खिशात ठेवूनच जेवायला बसले. तुमच्या घरी काय झालं, नक्की लिहा.

भांडुप
दादा दोह्यात अकरा वर्षं ड्रायव्हर होता. इथलं लायसन्स संपून वर्षाच्या वर झालेलं, म्हणजे पुन्हा टेस्ट. तिथे स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. इथे गाडीत बसला की उजवा हात गिअर शोधायचा आणि दारावर आपटायचा. रविवारी पहाटे मी त्याच्या शेजारी बसायचो. बोलायचो काहीच नाही. महिन्याभराने हात वळला. घरचे तेवढ्यात "रिक्षा चालव" म्हणून मागे लागले होते, ते थोपवणं जास्त कठीण गेलं.

मुंब्रा
भाच्याचा पाच महिन्यांचा पगार कंपनीने बुडवला. करारपत्र, पगाराच्या पावत्या, सगळं फोनमध्ये होतं म्हणून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार तरी करता आली. अजून पैसे आलेले नाहीत. कुणी निघणार असेल तर कागदांचे फोटो आधी घरी पाठवायला सांगा, कळकळीने सांगतोय.

दादर
बँकेत जाऊन आपण कायमचे परतलो हे कळवा, एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं बँक खातं) तसंच चालू ठेवता येत नाही. आमच्या जावयांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

विक्रोळी
मी बायकोच्या बाजूने लिहिते. पंधरा वर्षं घर मी एकटीने चालवलं. हे आले आणि पहिल्याच आठवड्यात डब्यांच्या जागा बदलल्या. मला रडू आलं. सासूबाईंनी ह्यांना बाजूला घेतलं, म्हणाल्या, "अरे, आधी तिला विचार, साखर कुठं असते." आता सकाळचा चहा हेच करतात. साखर जुन्याच डब्यात आहे.