निर्वासितांना मोबाइल वॉलेटवर रोख मदत: रक्कम कशी ठरवायची, पैसे परत का येतात?

प्रश्न
युद्धामुळे सीमा ओलांडून आलेली ६०० कुटुंबं, सगळी छावणीबाहेर भाड्याच्या खोल्यांत. दर महिन्याला मोबाइल वॉलेटवर बहुउद्देशीय रोख मदत (कुटुंबाने हवी तिथे खर्चावी अशी) द्यायची आहे. बाजारात माल पुरेसा आहे. कुटुंबामागे रक्कम कशी ठरवायची आणि पहिल्या हप्त्याआधी काय काय तपासायचं?

मापाडी
आधी किमान खर्चाची टोपली (एमईबी) मांडा: अन्न, भाडं, पाणी, इंधन, औषधं, प्रवास, मोबाइल रिचार्ज. त्यातून कुटुंबाची स्वतःची कमाई आणि इतर मदत वजा करा. समजा, महिन्याची टोपली १००, कमाई ३०, धान्याची मदत २५, तर हप्ता ४५. वर पैसे काढण्याचं शुल्क, नाहीतर ते कुटुंबाच्या खिशातून जातं.
माणशी सरळ गुणाकार करू नका. अन्न माणसागणिक वाढतं, भाडं तसं वाढत नाही. नुसत्या गुणाकारात एकट्या माणसाचं भाडंच सुटत नाही. स्थानिक गरिबांना सरकारकडून किती मिळतं तेही बघा. तफावत फार दिसली की शेजारपाजारच्यांशी तणाव ठरलेला.

यादीवाला
रक्कम बरोबर असूनही पैसे परत येतात, कारण दोष बहुतेक वेळा यादीत असतो. एक्सेलमध्ये नंबरचा सुरुवातीचा शून्य उडतो. तो रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. अरबी लिपीतलं एकच नाव रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि केवायसीच्या नावाशी जुळत नाही. सिम तर अनेकदा घरमालकाच्या किंवा दिराच्या नावावर निघतं. म्हणून नोंदणीच्या वेळीच समोर फोन लावून बघा. मग सगळ्यांना नाममात्र रक्कम पाठवा, नापास नावं दुरुस्त करा आणि नंतरच खरा हप्ता सोडा. यादी बनवणारा आणि पैसे सोडणारा माणूस वेगळा हवा. वॉलेट कंपनीला फक्त नाव, नंबर, रक्कम द्या. ‘निर्वासित’ असा रकाना त्या फाइलमध्ये कशाला?

खिडकी क्र. ३
वरचं सगळं मान्य, पण वॉलेटमधले पैसे रोख करून देणाऱ्या एजंटचा गल्ला विसरलात! ६०० जणांना एकाच सकाळी मेसेज गेला की दुपारपर्यंत रोकड संपते, आणि मग ‘पैसे हवेत तर कमिशन द्या’ सुरू होतं. चार दिवसांत १५०-१५० कुटुंबं घ्या, एजंटांकडे किती रोकड असेल ते आधी ठरवून घ्या, शुल्काचा फलक निर्वासितांच्या भाषेत लावा.
अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पैसे काढणारी पर्यायी व्यक्ती नोंदणीतच लिहून घ्या. जॉर्डनमध्ये यूएनएचसीआरच्या (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) मदतीचे पैसे एटीएमवर बुबुळ स्कॅन करून काढायची पद्धत राबवली गेली. पिन विसरण्याची भानगड नाही, पण बुबुळ दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

मापाडी
भर घालतो. भावांची नोंद पहिल्या हप्त्याच्या आधीपासून ठेवा, त्यात भाडंही घ्या. तेल-पिठाचे भाव हलत नाहीत आणि भाडं मात्र चढतं, कारण माल बाहेरून आणता येतो, खोल्या आणता येत नाहीत. हप्त्यानंतर दोन-चार आठवड्यांनी कुटुंबांची पाहणी करा. विचारायला वाटप करणारी माणसं पाठवू नका, त्यांच्या तोंडावर तक्रार कोण करणार?