शर्ली हेंडरसन: मर्टलच्या पलीकडे
अभिनेत्री शर्ली हेंडरसनला कुणी ‘हॅरी पॉटरमधली रडकी मर्टल’ म्हणून निकालात काढलं, की ते मला अजिबात पटत नाही. तेव्हा पस्तिशी ओलांडलेली ही स्कॉटिश बाई पडद्यावर शाळकरी मुलीचं भूत वाटते, हेच मुळात थोर आहे. पण तिचं खरं काम बघायचं तर दिग्दर्शक माइक लीचा १९९९ चा ‘टॉप्सी-टर्व्ही’ हा सिनेमा बघा. शेवटी ती रंगमंचावर एकटी ‘मिकाडो’ या संगीतिकेतलं गाणं गाते, स्वतःच्याच आवाजात. ती साकारत असलेल्या गायिकेचं दारूचं व्यसन आपण आधी पाहिलेलं असतं, म्हणून तो स्वच्छ सूर थेट काळजात घुसतो. मी तो प्रसंग कितीदा तरी पाहिलाय. त्याच वर्षीचा दिग्दर्शक मायकल विंटरबॉटमचा ‘वंडरलँड’ही चुकवू नका, त्यात लंडनच्या तीन बहिणींपैकी एकट्याने मुलगा वाढवणारी ती आहे.

नाटकाचं म्हणाल, तर २०१७ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात तिने ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ केलं. बॉब डिलनची गाणी, १९३४ ची अमेरिकन मंदी आणि स्मृतिभ्रंश झालेली एलिझाबेथ. याच भूमिकेसाठी तिला ब्रिटिश रंगभूमीचा मानाचा ऑलिव्हिए पुरस्कार २०१८ मध्ये मिळाला, संगीत नाटकातली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून.