पेशी 'फायर' होते, म्हणजे मराठीत काय होते?

अर्धविराम: मेंदूतल्या विद्युतसंकेतांचं संगणकावर मॉडेल कसं करतात यावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. एका वाक्यावर अडलंय: चेतापेशीचं व्होल्टेज उंबरठा ओलांडतं आणि पेशी 'फायर' होते. यंत्राने करून दिलं, 'पेशी गोळीबार करते'. मी लिहिलं, 'पेशीत सणक उठते'. संपादकबाई म्हणतात, सणक म्हणजे विक्षिप्त लहर, पेशी काय चक्रम आहे? आमच्या आजीच्या दाढेत सणक उठायची ती थेट कानशिलापर्यंत जायची. त्यात विक्षिप्त काही नव्हतं. कोण बरोबर?

रानवाट: दोघी. सणकी माणूस आणि दाढेतली सणक एकाच घरातले. बाण सणसणत जातो तशी कळ सणसणत जाते, त्यावरून आला असावा. (दाखला मागू नका, माझा आपला अंदाज.) पण डोक्यात उठते ती तिडीक. मेंदूला तीच जवळची.

मूळव्याख्या: 'त्याचं नाव काढलं की तिडीक येते' असंही म्हणतो आपण. आणि सणक, तिडीक, दोन्ही दुखण्याचे शब्द. मेंदूच्या पेशीला स्वतःला दुखत नाही. परिभाषेला शिस्त हवी. 'उद्दीपन' लिहा.

धारित्र: उद्दीपन नको. ते आपण पेशीला देतो, ती दाद देईलच असं नाही. मी दिवसभर हीच मॉडेलं चालवतो, म्हणून थोडं लांबण लावतो. आधी बघा, लेखात कुठलं मॉडेल आहे. हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये माकुळाच्या (स्क्विडच्या) अक्षतंतूवरून, म्हणजे चेतापेशीच्या संकेत वाहून नेणाऱ्या लांब धाग्यावरून, समीकरणं मांडली. हा तंतू जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड, म्हणून आत तार सरकवता आली. त्यांत पेशीचं पटल म्हणजे धारित्र (विद्युतभार साठवणारा कपॅसिटर), सोडियम-पोटॅशियमच्या वाहिन्या म्हणजे बदलते रोध. व्होल्टेज जरा चढलं की सोडियमची दारं उघडतात, त्याने ते आणखी चढतं, की आणखी दारं. उणे 65 मिलिव्होल्टच्या आसपास बसलेलं व्होल्टेज शून्याच्या वर जाऊन एकदोन मिलिसेकंदांत परत खाली. (हक्सलेने ही आकडेमोड हाताने फिरवायच्या यंत्रावर केली, केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता.) या समीकरणांत 'उंबरठा' नावाचा आकडा कुठे लिहिलेलाच नाही. तो पेशीच्या वागण्यात दिसतो.
दुसरं मॉडेल गळक्या बादलीचं, फ्रेंच शास्त्रज्ञ लापीकच्या 1907 च्या कल्पनेवर बेतलेलं. बादली भरत असते, गळतही असते. खुणेपर्यंत भरली की 'झाली फायर' अशी नोंद करायची आणि बादली रिकामी करायची. उंबरठा आपणच आखलेला. पहिल्यात 'पेशी उसळते' चालेल. दुसऱ्यात उसळत काहीच नाही.

अर्धविराम: लेखात दुसरंच आहे, गळकं. मग?

मूळव्याख्या: आधी हे 'मॉडेल' आणि 'व्होल्टेज' बघा. प्रतिमान आहे, विभवांतर आहे. शाळेच्या पुस्तकात आहेत हे शब्द.

धारित्र: विभव वाचलं की मला वैभव आठवतं.

कोशाबाहेरचा: आठवणारच. वैभव विभवावरूनच झालाय. विभव म्हणजे सामर्थ्य, संपत्ती. साठून राहिलेलं सामर्थ्य! शब्द चपखल आहे, आपण सवय मोडली एवढंच. 'प्रतिमान' मात्र मला मानदंडासारखं वाटतं.

रानवाट: नमुना म्हणा की सरळ.

कोशाबाहेरचा: 'मेंदूचा नमुना' म्हटलं की बरणीतला तुकडा डोळ्यांपुढे येतो. आणि माणसाला नमुना म्हटलं तर भांडण. 'प्रारूप' होतं, पण त्याचा अर्थ मसुदा, अंतिम व्हायचं राहिलेलं.

धारित्र: मग प्रारूपच घ्या. आमचं एकही अजून अंतिम झालेलं नाही.

रानवाट: फायरिंगला 'कळ' कशी? दुखण्याचीही आणि दाबायचीही. कळ दाबली की दिवा लागतो, अर्धा लागत नाही. पेशीचंही तसंच ना?

मूळव्याख्या: आणि लावायचीही. कळलाव्या पेशी.

अर्धविराम: पुढचं वाक्यही अडलंय. 'डोक्यावरच्या इलेक्ट्रोडवर हजारो पेशींच्या फायरिंगच्या लहरी उमटतात.' बाईंनी 'लहरी'वरही खूण केली आहे.

धारित्र: खूण शब्दावर नको, वाक्यावर हवी. बाहेर मिळतं ते मुख्यतः फायरिंग नव्हेच. चेतासंधींमुळे (दोन पेशी जिथे संकेत देतात-घेतात त्या जोडांमुळे) पेशींत होणारे सावकाश चढउतार, हजारो पेशींचे एकाच वेळी झाले की बेरीज होऊन कवटीबाहेर उमटतात. पेशीतली उसळी शंभरेक मिलिव्होल्टची, टाळूवर पोचतात ते काही दशक मायक्रोव्होल्ट. मूळ लेखकाचीच चूक आहे, तुम्ही ती मराठीत आणू नका.

रानवाट: टाळू म्हणजे तोंडातला की डोक्यावरची?

अर्धविराम: उद्या मजकूर द्यायचाय. तूर्त 'पेशी सुटते' लिहिलंय, बाण सुटतो तशी.

मूळव्याख्या: पेशी सुटली तर मागे उरलं काय? संकेत सुटतो.

धारित्र: गळक्या प्रारूपात तोही सुटत नाही, फक्त वेळ टिपतात.

मूळव्याख्या: मग 'पेशीची नोंद होते' लिहा.

अर्धविराम: कुठे, जन्ममृत्यूच्या वहीत?

रानवाट: टाळूचं कोणी सांगितलंच नाही.