डोक्यात चित्र की शब्द?

१८८० साली इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टननं लोकांना विचारलं होतं: सकाळचं न्याहारीचं टेबल मनात आणा. किती लख्ख दिसतं? रंग दिसतात का? काहींना सगळं दिसलं, काहींना काहीच नाही. ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचं डोकं कामात कसं चालतं? मनमोकळं लिहा.

रबाळे, टूलरूम
आम्ही साचे बनवतो. साच्यात सगळं उलटं असतं. वस्तूवरचा उंचवटा म्हणजे कॅव्हिटीतला, म्हणजे साच्याच्या पोकळीतला, खड्डा. ड्रॉइंग हातात आलं की मला साच्याचे दोन्ही भाग उघडताना दिसतात. अंडरकट (वस्तू साच्यातून सरळ सुटू न देणारी खाच) कुठे अडकेल, स्लायडर (साच्याचा आडवा सरकणारा भाग) कुठून ओढावा लागेल, हे स्टील कापायच्या आधीच कळतं. तेच ग्राहकाला मेलवर लिहायचं म्हटलं की तास जातो. मग मी स्केचचा फोटो पाठवतो आणि फोनवर बोलतो.

ऐरोली, सॉफ्टवेअर
मी डोळे मिटले की नुसता काळोख. याला २०१५मध्ये मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी ‘अफँटेशिया’ हे नाव दिलं. ते वाचून फार हायसं वाटलं. बग शोधताना मी मनात बोलत जाते: इथे रिकामी व्हॅल्यू आली तर पुढच्या ओळीचं काय? फळ्यावर चौकोन-बाण सुरू झाले की आधी दोन वाक्यांत लिहून मागते. बाणात न दिसलेल्या अटी तेव्हाच बाहेर येतात.

कळवा, गणित शिक्षक
भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनला मनात आकडे मोजताना वाचता येई, बोलता येत नसे. संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकीचं नेमकं उलटं: त्याला आकड्यांची सरकती पट्टी दिसे, म्हणून बोलता येई, वाचता येत नसे. बाहेरून मोजणी सारखीच! माझ्या वर्गात काही मुलं आकृती काढताच सुटतात, काही ‘समान पाया, समान उंची’ पुटपुटत पोचतात. तरी कळकळीनं सांगतो, पोरांवर ‘हा व्हिज्युअल’ असा शिक्का मारू नका. मुलाच्या शिकण्याच्या शैलीनुसार शिकवल्यानं जास्त येतं, याला २००८मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांना आढावा घेताना पुरेसा आधार सापडला नाही. आकृती आणि शब्द, दोन्ही सगळ्यांना द्या.

नौपाडा, शिवणकाम
आई नुसतं बघून ब्लाउज बेतते, मी मापं म्हणत कापते. दोघींचेही नीट बसतात.

घोडबंदर रोड, डिलिव्हरी
नकाशा डोळ्यांपुढे येतच नाही. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असं म्हणत जातो. ‘डावीकडची निळी बिल्डिंग’ सांगू नका. सोसायटीचं नाव आणि विंग सांगा, लगेच पोचतो.